एका उपेक्षित प्रांताचा शालेय प्रयोग

स्पेनच्या नैर्ऋत्य भागांत, पोर्तुगालच्या सरहद्दीला लागून, एस्त्रेमादुरा नांवाचा प्रांत आहे. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आणि पेरू जिंकणारा पिसारो हे दोघेहि याच मातीचे. परंतु परदेशांतून आणलेल्या सोन्यानें या मातीचें दारिद्र्य कांहीं फिटलें नाहीं. विरळ वस्ती, ओक वृक्षांचीं माळरानें आणि मेंढपाळी हेंच येथील जीवन. कारखानदारीचें युग या प्रांताला वळसा घालून गेलें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाखों माणसें पोटासाठीं माद्रिद, बार्सेलोना व जर्मनीकडे निघून गेलीं. अशा प्रांतानें इ. स. २००२ सालीं आपल्या शाळांत जो प्रयोग केला, तो शिक्षणाच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

इ. स. १९८३ मध्यें एस्त्रेमादुराला स्वायत्तता मिळाली. तेव्हांपासून २००७ पर्यंत रोद्रिगेस इबार्रा हेच प्रांतिक सरकारचे अध्यक्ष होते. यंत्रयुग हुकलें तें हुकलें, निदान संगणकाचें युग तरी हुकूं नये, असा त्यांच्या सरकारचा निश्चय होता. माध्यमिक शाळांच्या वर्गांत दर दोन विद्यार्थ्यांमागें एक संगणक द्यावयाचा, असें ठरलें. आठवड्यांतून एकदां मुलांना निराळ्या खोलींत नेऊन यंत्राचें दर्शन घडवावयाचें नव्हे, तर भूगोल असो वा गणित, तें मुलाच्या बाकावरच असावें, अशी ही योजना.

पण नुसतें यंत्र म्हणजे निर्जीव पेटी. तिला चालविणाऱ्या आज्ञावली कंपन्यांकडून विकत घ्याव्या लागत. त्याहि दर यंत्रामागें पैसे मोजून, आणि नवी आवृत्ति निघाली कीं पुन्हां मोजून. हजारों यंत्रांसाठीं हा खर्च करावयाचा, तर यंत्रांनाच पैसा उरेना.

या पेचांतून सुटण्याची वाट अन्यत्र तयार होत होती. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ या मुक्त आज्ञावलीच्या कार्याची घोषणा केली. १९९१ मध्यें हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरव्हाल्ड्स, यानें ‘लिनक्स’ हा तिचा गाभा रचला. पुढें १९९३ सालीं या सर्वांची मोट बांधणारा ‘डेबियन’ हा संच सुरू झाला. वैद्याची गुप्त मात्रा आणि आजीबाईच्या बटव्यांतलें औषध यांत जो फरक, तोच येथें आहे. पहिलींत काय घातलें तें कळत नाहीं. दुसरें कसें करावयाचें तें कोणीहि विचारावें, आपल्या घरीं करावें, त्यांत फेरफार करावा आणि शेजाऱ्यालाहि द्यावें.

डेबियनच्या आधारें एस्त्रेमादुरानें आपला स्वतःचा संच बांधविला. लिनक्स आणि एस्त्रेमादुरा यांच्या जोडीनें त्याचें नांव पडलें ‘लिनेक्स’. त्यांतील लेखनाच्या आज्ञावलीला एस्प्रोन्सेदा या कवीचें नांव दिलें, तर चित्रांच्या आज्ञावलीला थुर्बारान या चित्रकाराचें. दोघेहि याच प्रांताचे सुपुत्र! निबंध लिहावयास बसणारा मुलगा आपल्या भूमीच्या कवीचें नांव उघडून लिहूं लागला. ज्या प्रांताला नेहमीं दुसऱ्यांच्या मागून चालावें लागलें, त्याच्या मुलांना या नांवांनीं काय सांगितलें असेल, हें निराळें सांगावयास नको. शिवाय वर्तमानपत्रांबरोबर या संचाच्या तबकड्या फुकट वांटल्या. त्यामुळें शाळेंतलेंच साधन घरींहि वापरतां आलें, आणि तेंहि चोरून नक्कल न करतां.

या प्रयोगावर आक्षेपहि होते. बाजारांत जें चालतें तेंच मुलांना शिकवावें, नाहींतर नोकरी कशी मिळणार, हा त्यांतील मुख्य. तो अगदींच टाकाऊ नव्हता, कारण बहुतेक कचेऱ्यांत दुसऱ्याच आज्ञावली चालत होत्या. परंतु २००२ सालीं चलती असलेल्या त्या आज्ञावलींचेंहि रूप पुढील दहा वर्षांत पार पालटलें. ज्यानें केवळ बटणांच्या जागा पाठ केल्या, त्याला पुन्हां मुळारंभापासून शिकावें लागलें. ज्यानें मर्म जाणलें, त्याचें अडलें नाहीं. दुसरी अडचण शिक्षकांची. खडू-फळ्यावर हयात घालविलेल्या माणसांना हें सारें नव्यानें शिकणें भाग होतें. शिक्षकाच्या तयारीवांचून बाकावरचा संगणक म्हणजे महागडी पाटीच होय.

शेजारच्या अंदालुसिया प्रांतानें २००३ मध्यें लिनेक्सच्याच पायावर ‘ग्वादालिनेक्स’ उभारला. ज्याच्यापाशीं घेण्यासारखें कांहीं नाहीं असें मानलें जाई, त्याच्याकडून मोठ्या शेजाऱ्यानें उसनें घेतलें, आणि देणाऱ्याचें त्यांत कांहींच कमी झालें नाहीं.

२०११ मध्यें प्रांतांत सत्तांतर झालें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें लिनेक्सची निगा एका राष्ट्रीय संस्थेकडे सोपविली. ती संस्था आल्मेंद्रालेखो या गांवीं होती. एस्प्रोन्सेदा कवीचा जन्म याच गांवचा. स्वतःचा संच रचण्याचा उत्साह ओसरला, हें खरें. परंतु मूळ डेबियन कोणा एका सरकारचा नसल्यामुळें शाळांतील मुक्त आज्ञावलींचा वापर त्यानंतरहि चालूं राहिला. विकत घेतलेली वस्तु विक्रेत्यानें हात आखडतांच निरुपयोगी होते. सर्वांनीं मिळून राखलेली विद्या एकानें सोडली तरी दुसरा उचलतो. मुलांच्या हातीं कोणतें साधन द्यावें, याचा विचार करतांना किंमतीइतकाच हाहि विचार व्हावा, हा एस्त्रेमादुराच्या प्रयोगाचा बोध आहे.