दोन कागद आणि आत्याचा शिरा

ताईच्या ऑपरेशनला तीन आठवडे होत आले होते. आत्या भेटायला आली ती डब्यात शिरा घेऊन. मऊसूत, वेलची घातलेला. ताईच्या फ्रीजवर डाएटिशियनने दिलेला कागद लावलेला होता आणि त्यात या आठवड्यापुढे लिहिलं होतं 'घोटलेलं, मऊ'. मग शिरा मऊच की! शिवाय न्यू जर्सीच्या दादाचं आदल्या वर्षी "हेच ऑपरेशन" झालेलं. त्याने फोनवर निर्वाळा दिला, "मी तर तेव्हा खाल्ला होता, काही होत नाही." ताईने चार चमचे खाल्ले. वीस मिनिटांत दरदरून घाम, धडधड, पोटात कळा. आत्याला वाटलं हार्ट अ‍ॅटॅकच आला. (ऑपरेशनच्या नावात 'बायपास' होतं, त्यामुळे अर्ध्या नातेवाइकांना ते हृदयाचंच वाटत होतं.) तासाभरात सगळं शांत झालं, पण आत्या पुढे कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती. म्हणून हे लिहितेय. आत्या, वाच.

नंतर मी दादाकडून त्याचा कागद मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. सुरुवात सारखीच: आधी पाण्यासारखं पातळ, मग दूध-ताक-सूप, मग घोटलेलं, मग मऊ, मग साधं जेवण. पण ताईच्या कागदावर साखर, गूळ, मध, फळांचा रस यांवर ठळक काट. दादाच्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ आणि पित्ताच्या गोळीबद्दल मात्र मोठी चौकट. कारण सोपं होतं. दादाचं ऑपरेशन स्लीव्ह, ताईचं गॅस्ट्रिक बायपास. आपण दोन्हीला "वजनाचं ऑपरेशन" म्हणून मोकळे होतो.

आता जरा मागे जाऊ. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या सर्जनने कॅन्सर झालेल्या जठराचा भाग कापून काढला आणि बाई त्यातून वाचली (पुढे काही महिन्यांनी कॅन्सरनेच गेली). ऑपरेशननंतर तिला आधी बर्फ आणि मग चमचा चमचा आंबट दूध दिलं होतं. ताईला पहिल्या दिवसांत औषधाच्या छोट्या कपाने घोट घोट ताक पिताना बघून मला तेच आठवत होतं. कापलेल्या जठराला हळूहळू कामाला लावायचं, ही रीत वजनाच्या ऑपरेशनांपेक्षा खूप जुनी आहे.

पुढे अल्सरसाठी अशी ऑपरेशनं भरपूर होऊ लागली आणि एक नवीनच त्रास दिसला. जेवण झालं की घाम, धडधड, चक्कर. जठराच्या तळाशी स्नायूंचा एक दरवाजा असतो, तो अन्न थोडं थोडं पुढे सोडतो. तो दरवाजा काढला किंवा वळसा घालून टाळला, की गोड पदार्थ एकदम लहान आतड्यात ओतला जातो आणि आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं. १९२२ पासून याला 'डंपिंग' म्हणतात. थोडं थोडं खा, गोड टाळा, जेवताना पाणी पिऊ नका, हे नियम या अल्सरवाल्या पेशंट लोकांनी आधी सोसून शिकले होते.

आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांना दिसलं की अल्सरसाठी जठर कापलेल्या बायकांचं वजन वाढतच नाही. १९६६ मध्ये त्यांनी आणि डॉ. इटो यांनी मुद्दाम वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास केली. म्हणजे एका ऑपरेशनचा अवगुण दुसऱ्याचा हेतू झाला! आणि अवगुणाबरोबर त्याचं पथ्यही आलं. आत्याच्या शिऱ्याला नडलं ते हे पथ्य. (सगळ्याच बायपासवाल्यांना डंपिंग होतं असं नाही, पण कुणाला होणार ते आधी कळत नाही.)

त्याच काळात दुसरं एक ऑपरेशन जोरात होतं. त्यात जठराला हातच लावत नसत, बहुतेक लहान आतडं वगळून टाकत. अन्न पचायला जेमतेम दीड फूट आतडं उरायचं. खा कितीही! पण जुलाब, लिव्हरचे आजार आणि मुतखडे. त्या लोकांच्या पथ्यात साखरेपेक्षा पालक, चहा, शेंगदाणे यांची भीती जास्त, कारण न पचलेली चरबी कॅल्शियम अडवून धरते आणि ऑक्झलेट मोकाट रक्तात जातं. १९८० च्या आसपास हे ऑपरेशन मागे पडलं.

मेसन यांनीच १९८० मध्ये टाके आणि पट्टीने जठर लहान करायची पद्धत काढली. आतडं जागेवरच, त्यामुळे डंपिंग नाही. पण वितळलेलं आइस्क्रीम, मिल्कशेक त्या अरुंद वाटेने सुरळीत खाली! १९८७ मध्ये शुगरमन यांच्या गटाने दाखवलं की गोडखाऊंना या ऑपरेशनचा फायदा बायपासपेक्षा बराच कमी होतो. नंतर आलेल्या बँडचं तर उलटंच. सुरुवातीचे आठवडे पातळ खायचं, पण पुढे मुद्दाम घट्ट, चावून खायचं, कारण पातळ अन्न बँडला दाद देत नाही. आणि बँड आवळला की पुन्हा दोन-चार दिवस पातळ.

दादाचं स्लीव्ह हे खरं तर जास्त वजनाच्या पेशंटसाठी मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होता, २००० च्या सुमारास. अनेकांचं वजन तेवढ्यानेच उतरलं, म्हणून ते स्वतंत्र झालं. यात जठराचा साधारण पाऊण भाग काढतात. खालचा दरवाजा शाबूत राहतो, म्हणून डंपिंग कमी (अजिबात नाही असं नाही). पण उरलेल्या नळीत दाब वाढतो आणि पित्त वर येतं. म्हणून ती चौकट. शिवाय पिनांची लांबलचक शिवण असते, ती भरेपर्यंत पातळच. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात शिरा खाऊन दादानेही काही फार शहाणपणा केला नव्हता :)

कुठला टप्पा किती दिवस, यात हॉस्पिटलागणिक फरक असतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन हे मात्र दोन्ही कागदांवर होतं, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम कायमचं. वरण-भात खाणाऱ्या आपल्या घरात ६० ग्रॅम म्हणजे काय, ते ताईला विचारा! आणखी एक गोष्ट ताईच्या कागदावर अगदी खाली बारीक अक्षरात होती, ती मी लाल पेनाने मोठी करून ठेवली: उलट्या थांबत नसतील तर वाट बघू नका. बी-१ संपलं तर मेंदूला इजा होते, ऑपरेशन कुठलंही असो.

परवा आत्याच्या सोसायटीत कुणाचं तरी वजनाचं ऑपरेशन झालं. डबा भरण्याआधी आत्याने त्यांच्या घरी फोन करून विचारलं म्हणे, "स्लीव्ह की बायपास?"