हवेने अडवलेला प्रकाश

1879 साली फ्रान्समधील आल्फ्रेड कोर्नू यांनी सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली. जांभळ्या रंगापलीकडील अतिनील पट सुमारे 293 नॅनोमीटरपाशी एकाएकी तुटत होता. वाटेतच कोणीतरी तो प्रकाश गिळत होते. दोन वर्षांनी वॉल्टर हार्टली यांनी ओझोनकडे बोट दाखवले.

परंतु प्रयोगशाळेतील विद्युत्-ठिणगीचा प्रकाशही सुमारे 185 नॅनोमीटरखाली छायाचित्रात उमटेना. तेथे तर ओझोनचा थर नव्हता! हे कोडे सोडवले लाइपझिगच्या व्हिक्टर शुमान यांनी. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हेत, यंत्रनिर्मितीच्या व्यवसायातले गृहस्थ होते. संशोधन हा त्यांचा फावल्या वेळचा ध्यास. आपली साधनेच प्रकाश चोरत असतील, ही शंका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. क्वार्ट्झचा लोलक हे किरण शोषतो, म्हणून त्यांनी फ्ल्युओराइटचा लोलक घेतला. छायाचित्राच्या काचेवरील जिलेटिनही तेच करते, म्हणून जवळजवळ जिलेटिनविरहित काचा स्वतःच तयार केल्या. उरली हवा. 1890 च्या दशकात त्यांनी संपूर्ण वर्णपटलेखकच निर्वात केला, आणि आजवर कोणी न पाहिलेल्या रेषा काचेवर उमटल्या. हवेतला खरा अडसर नायट्रोजन नसून ऑक्सिजन होता.

त्या रेषांच्या तरंगलांबी मात्र शुमान यांना ठरवता आल्या नाहीत. या टापूत फ्ल्युओराइट प्रकाश किती वळवतो, हे तेव्हा ठाऊकच नव्हते. ती मोजणी हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी लोलकाऐवजी अंतर्वक्र जाळी वापरून 1906 च्या सुमारास केली. रेण्वीय ऑक्सिजनच्या शोषणपट्टांना पुढे शुमान आणि कार्ल रुंगे या दोघांचीही नावे मिळाली.

या शोषणात रेणूचे काय होते, हा प्रश्न उरला होता. 242 नॅनोमीटरहून आखूड किरण ऑक्सिजनचा रेणू फोडू शकतात. सुटलेला अणू दुसऱ्या रेणूला जडला की ओझोन बनतो. सिडनी चॅपमन यांनी 1930 मध्ये ही साखळी मांडली, आणि कोर्नू यांच्या तुटक्या पटाचे मूळही ऑक्सिजनपाशीच पोहोचले. एकट्या अणूच्या शोषणरेषा वेगळ्या, 130 नॅनोमीटरच्या आसपास. त्या किरणांना जमिनीपर्यंत वाट नाही. सूर्यप्रकाशात त्या पाहायच्या तर उपकरणच वर न्यावे लागते. 10 ऑक्टोबर 1946 रोजी अमेरिकेत व्ही-2 अग्निबाणातून वर्णपटलेखक आकाशात गेला, तेव्हा कोर्नू यांच्या सीमेपलीकडचा सूर्य प्रथमच छायाचित्रात आला.