दिल्लीतील मुलांची फुप्फुसे आणि ‘केवळ’ हा शब्द

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार २००२ अखेर दिल्लीतील सार्वजनिक बसगाड्या डिझेलऐवजी सीएनजीवर धावू लागल्या. हवेतील धूलिकण मोजणारी यंत्रे शहरात होती; मात्र त्या हवेत वाढणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत काय घडते, याचे उत्तर यंत्रांजवळ नव्हते. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी ते शोधले. दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची पाहणी झाली. तुलनेसाठी पश्चिम बंगाल व उत्तराखंडच्या ग्रामीण भागांतील ४,५३६ मुले निवडण्यात आली. फुप्फुसांची कार्यक्षमता घटलेली मुले दिल्लीत ४३.५ टक्के, तर ग्रामीण गटात २५.७ टक्के आढळली.

या दोन आकड्यांमधील सारे अंतर मात्र प्रदूषणाच्या खाती टाकता येत नाही. शहर आणि खेडे यांत आहार, उत्पन्न, चुलीचा धूर, घरातील धूम्रपान असे अनेक भेद असतात. सांख्यिकीय प्रारूपाचे काम येथे सुरू होते. हे घटक एकाच समीकरणात मांडायचे आणि ते समान धरल्यावर धूलिकणांचा संबंध उरतो का, हे पाहायचे. दिल्लीच्या विश्लेषणात तो उरला.

तरीही ही पाहणी एका वेळचे चित्र होती. पौगंडावस्थेत फुप्फुसे वेगाने वाढतात. ती वाढ खुंटते का, हे कळण्यासाठी त्याच मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करावी लागते. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून १२ वस्त्यांतील १,७५९ मुलांबाबत, वयाच्या सुमारे १० व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत, हे केले गेले. अठराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहूनही कमी असलेल्यांचे प्रमाण पीएम २.५ सर्वाधिक असलेल्या वस्तीत ७.९ टक्के, तर सर्वांत कमी असलेल्या वस्तीत १.६ टक्के निघाले.

आजार वा मृत्यू यांचा केवळ वायुप्रदूषणाशी थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती देशात नाही, असे उत्तर संसदेत सरकारकडून वेळोवेळी दिले गेले आहे. ‘केवळ’ असा दावा कोणतेही प्रामाणिक प्रारूप करत नाही. अनेक कारणांमधून एकाचा वाटा वेगळा काढणे, हेच त्याचे काम. त्या पाहणीच्या काळात दहा वर्षांची असलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्या फुप्फुसांची वाढ कधीच थांबली आहे. ‘केवळ’ची वाट पाहणे मात्र थांबलेले नाही.