लिंगाला ताठरता न येणं: कारणं काय आणि त्याचा हृदयाशी काय संबंध आहे?

लोकलचा डबा असो की एसटी स्टँडची भिंत, 'मर्दानी कमजोरी'वर हमखास इलाजाच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. पण हीच तक्रार घेऊन एखादा पुरुष डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर आधी त्याचं ब्लड प्रेशर मोजतात आणि रक्तातली साखर तपासायला सांगतात.

असं का? कारण ताठरता हा मुळात रक्तप्रवाहाचा विषय आहे.

इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणजे काय?

शरीरसंबंधासाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा ती टिकून न राहणं, याला इरेक्टाइल डिसफंक्शन (ईडी) म्हणतात. थकवा, ताण किंवा दारूमुळे एखाद्या वेळी असं होणं सामान्य आहे. पण काही महिने सतत हा त्रास होत असेल, तर तपासणी करायला हवी.

ईडी म्हणजे वंध्यत्व नव्हे. हा त्रास असलेल्या पुरुषाचे शुक्राणू निरोगी असू शकतात.

हा त्रास दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1987 ते 1989 दरम्यान 40 ते 70 वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती. त्यातल्या 52 टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही समस्या होती.

ताठरता कशी येते?

उत्तेजना मिळाली की मेंदूकडून नसांमार्फत लिंगापर्यंत संदेश जातो. तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. मेंदू, नसा, हार्मोन्स आणि रक्तवाहिन्या यांपैकी कुठेही बिघाड झाला, तर ताठरतेवर परिणाम होतो.

कारणं कोणती?

• डायबेटिस: वाढलेली साखर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्हींना इजा करते. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी लोकांना डायबेटिस आहे.

• हाय ब्लड प्रेशर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा: यांमुळे रक्तवाहिन्या कडक किंवा अरुंद होतात.

• तंबाखू आणि दारू: सिगारेटमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराचं नुकसान होतं.

• औषधं: नैराश्यावरच्या आणि ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांमुळे हा त्रास होऊ शकतो. पण डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.

• इतर आजार: टेस्टोस्टेरॉनची कमतरता, थायरॉइडचे विकार, मणक्याची दुखापत, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया.

• मानसिक कारणं: चिंता, नैराश्य, नात्यातला तणाव. एकदा जमलं नाही की 'पुन्हा तसंच झालं तर?' ही भीतीही पुरेशी ठरते. त्रास अचानक सुरू झाला असेल आणि पहाटे झोपेत ताठरता नेहमीसारखी येत असेल, तर कारण मानसिक असण्याची शक्यता जास्त असते.

आणि हो, हस्तमैथुनामुळे 'कमजोरी' येते या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

हृदयाशी काय संबंध?

लिंगाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंद असतात, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटर. शरीरातल्या धमन्यांमध्ये चरबीचे थर साचू लागले, की त्याचा परिणाम आधी बारीक धमन्यांवर दिसू शकतो. त्यामुळे अनेक रुग्णांमध्ये छातीत दुखण्याच्या 2 ते 5 वर्षं आधी ईडी सुरू झालेली आढळते.

ईडी असलेल्या प्रत्येकाला हार्ट अटॅक येईल, असा याचा अर्थ नाही. पण चाळिशीत किंवा त्याआधी हा त्रास सुरू झाला, तर हृदयाचीही तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

मग थेट गोळी घेतली तर?

सिल्डेनाफिल हे औषध मुळात छातीतल्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. 1998 मध्ये अमेरिकेत त्याला ईडीसाठी मंजुरी मिळाली. ते परिणामकारक आहे, पण सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्या घेणाऱ्यांनी ते घेतलं तर ब्लड प्रेशर जीवघेण्या पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. 'आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांमध्येही हेच औषध न सांगता मिसळलेलं आढळलं आहे.

काय करायला हवं?

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करता येते. ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल आणि गरजेनुसार टेस्टोस्टेरॉनची तपासणी होते. त्यानंतर युरोलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जावं लागू शकतं.

जीवनशैली बदलूनही फरक पडतो. इटलीत ईडी असलेल्या 110 लठ्ठ पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाचं सविस्तर मार्गदर्शन मिळालेल्या गटात दोन वर्षांनी जवळपास एक तृतीयांश पुरुषांची समस्या दूर झाली होती.

लाजेपोटी मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळीने ती रात्र निभावेल कदाचित. पण शरीराने वेळेत दिलेला इशारा मात्र तसाच दडून राहील.