बातमी कीं संसार?

नाटकांतील एका पुरुषपात्रास स्त्री करतांच कथेचा सारा रंग कसा पालटतो, हें १९४० सालच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’ या अमेरिकन बोलपटांत स्पष्ट दिसतें.

बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर यांनीं तरुणपणीं शिकागोंत बातमीदारी केली होती. त्या अनुभवांतून निर्माण झालेलें त्यांचें ‘द फ्रंट पेज’ हें नाटक १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें. १९३१ सालीं त्याचा बोलपटही निघाला. लग्नासाठीं नोकरी सोडूं पाहणारा बातमीदार हिल्डी जॉन्सन आणि त्याला अडविणारा संपादक वॉल्टर बर्न्स, हे दोघेही तेथें पुरुषच होते. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यानें हिल्डीला स्त्री केलें, आणि तीही संपादकाची घटस्फोटित पत्नी! त्यामुळें धन्याचा हट्ट हा प्रियकराचाही हट्ट झाला. रोझालिंड रसेल व कॅरी ग्रँट यांनीं या भूमिका केल्या. एकाचें वाक्य संपण्यापूर्वींच दुसऱ्यानें बोलूं लागावें, अशी हॉक्सची योजना होती. बातमीच्या धंद्यांतील घाई तिच्यामुळें कानांना जाणवते.

हिल्डी एका सालस विमाविक्रेत्याशीं लग्न करावयास निघाली आहे. इकडे अर्ल विल्यम्स या खुनी ठरलेल्या इसमाची फांशी दुसऱ्या दिवसावर आली आहे. निवडणुकीवर डोळा ठेवून मेयर व शेरीफ यांना ती लवकर उरकावयाची आहे. दंडमाफीचा हुकूम घेऊन आलेल्या दूतालाही मेयर लांच देऊन परत पाठवूं पाहतो. तुरुंगांतून निसटलेला विल्यम्स शेवटीं बातमीदारांच्याच खोलींतील मेजांत लपविला जातो.

या धांवपळींत हंसूं मात्र एकदां थांबतें. बातमीदारांनीं जिची टवाळी केली ती मॉली मलॉय, विल्यम्सचा ठावठिकाणा लपविण्यासाठीं, त्यांच्यासमोर खिडकींतून उडी टाकते. बातमीदारांपैकीं त्या कैद्याशीं माणुसकीनें बोलणारी एकटी हिल्डीच. तथापि तीही बातमीचा मोह सोडीत नाहीं, आणि वॉल्टरला तर मनुष्याहून मथळा मोठा वाटतो. अन्याय उघडकीस आणणारी लेखणी आणि दुःखाचा बाजार मांडणारी लेखणी एकच असूं शकते, हें या विनोदामागील कटु सत्य होय.

अखेर हिल्डी वॉल्टरकडेच परतते. मधुचंद्राच्या वाटेवरही एका संपाची बातमी त्यांना बोलावते. तिला पति मिळाला, कीं धंदाच पुन्हां मिळाला, याचा निवाडा प्रेक्षकांनींच करावयाचा.