निषेध नोंदवून भरलेला पैसा

सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकीत नवापुरास येते, महाराष्ट्रात शिरते आणि थोड्याच अंतरावर चिंचपाड्याला थांबते. इतिहासाच्या पुस्तकात बारडोलीला स्वतंत्र प्रकरण मिळाले; चिंचपाड्याला तळटीपही मिळाली नाही. परंतु १९२८ साली ही दोन्ही स्थानके एकाच मुंबई इलाख्यात होती. एक सुरत जिल्ह्यात, दुसरे पश्चिम खानदेशात. साऱ्याविषयीचा कायदाही दोहोंना एकच होता. अन्यायाने घेतलेला कर परत मागता येतो का, या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर या लोहमार्गावरून सुरुवात करणे मला म्हणूनच सोयीचे वाटते.

'निषेध नोंदवून भरणा' हा शब्दप्रयोग आपल्याला कचेरीच्या भाषेतला, कोरडा वाटतो. वस्तुतः त्यात एक विलक्षण अंतर्विरोध आहे. हात पैसे मोजत असतो आणि तोंड 'हे देणे मला मान्य नाही' असे म्हणत असते. आज्ञापालन आणि नकार ही दोन्ही एकाच पावतीवर नांदतात. कायदा या दुसऱ्या आवाजाची दखल घेतो, कारण १८७२च्या करार कायद्यातील ७२व्या कलमानुसार चुकीने अथवा जबरदस्तीने दिला गेलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे. निषेधाची नोंद ही देणे राजीखुशीचे नव्हते याची खूण असते.

मात्र ही खूण सर्वांच्या कामी सारखीच येत नव्हती. मुंबई इलाख्यातील महसुली अधिकारक्षेत्राचा कायदा १८७६ साली झाला. त्याने साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आणि एक फट ठेवली. निषेधपूर्वक भरलेल्या साऱ्याबद्दल दावा लावता येई. पण सरकारने ठरविलेल्या रकमेपेक्षा अधिक वसूल झाले, ती रक्कम आधीच फेडलेली होती किंवा ती आपण देणे लागतच नव्हतो, अशा मोजक्याच कारणांसाठी. सरकारने ठरविलेली रक्कमच अन्यायाची आहे, असे म्हणण्याची सोय त्यात नव्हती. थोडक्यात, तलाठ्याची चूक न्यायालयात नेता येत होती, सरकारची नाही. त्यानंतर सातच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि त्यात सारा, लोकल फंड, जकात यांच्या ओझ्याचा पाढा वाचला. त्या ग्रंथातील संतापामागे ही बंद दारेही आहेत, हे आपण वर्गात शिकविताना सहसा सांगत नाही.

बारडोलीचा लढा या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे वेगळा दिसतो. सरकारने तालुक्याचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला. 'आधी भरा, मग तक्रार करा' हा मार्ग शेतकऱ्यांपुढे नावापुरताच होता. भरल्यावर तक्रार ऐकणारे न्यायासनच नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९२८मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी भरण्यासच नकार दिला. तडजोडीच्या वेळी घोडे नेमके याच मुद्द्यावर अडले. वाढीव रक्कम अगोदर जमा झाल्याशिवाय चौकशी नाही, असा सरकारचा हट्ट होता. अखेर ती रक्कम एका त्रयस्थाने खजिन्यात भरली. सरकारची अट राहिली आणि शेतकऱ्यांचा शब्दही राहिला. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीने योग्य वाढ सुमारे ६ टक्केच ठरविली.

नगरपालिकांच्या करांची कथा निराळी आहे. तेथे दिवाणी न्यायालय पूर्णपणे बंद नव्हते. वऱ्हाडातील धामणगावचे प्रकरण या दृष्टीने मार्गदर्शक आहे. तेथील नगर समिती सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या धंद्यावर कर घेत असे. व्यवसायावरील अशा कराला राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती (ती १९८८च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली). 'भारत कला भांडार' या कंपनीने मर्यादेबाहेर वसूल झालेली रक्कम परत मागितली. समितीने नगरपालिका कायद्यातील संरक्षक कलमांकडे बोट दाखविले. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीचा दावा ग्राह्य धरला. घटनेने घातलेली मर्यादा ओलांडून केलेली वसुली ही त्या कायद्याखालची कृतीच नव्हे, मग त्या कायद्याचे कवच तिला कसे मिळणार, असा त्याचा आशय होता. बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. जनार्दन मुधोळकर वऱ्हाडातलेच. १९१२च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे त्यांचे वडील, आणि त्यांचा जन्म धुळ्याचा. खानदेशाचा एवढा धागा या निकालाला आहे.

पण निकाल जिंकणे आणि पैसा हाती येणे यांत अंतर असते. चिंचपाड्यापासून फार दूर नसलेल्या भरुचची हकीकत त्याची साक्ष आहे. भांडवली मूल्यावर बसविलेला नगरपालिकेचा 'रेट' बेकायदा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली अहमदाबादच्या प्रकरणात म्हटले. गुजरात विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून जुनी वसुली पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरविली, आणि भरुचच्या पृथ्वी कॉटन मिल्सच्या प्रकरणात १९६९ साली न्यायालयाने तो कायदा मान्य केला. परताव्याचा हक्क एका रात्रीत विरघळू शकतो, तो असा.

याहून अवघड प्रश्न आहे तो पैसा मुळात कोणाचा हा. १९९६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मफतलाल प्रकरणात (ते अबकारी कराचे होते, स्थानिक कराचे नव्हे) सांगितले की, ज्याने कराचा भार पुढे ग्राहकावर ढकलला त्याला परतावा मागता येणार नाही. तो अन्याय्य लाभ होईल. हाच प्रश्न मागे धामणगावला लावून पाहावा. गाठीवरचा कर कारखानदाराने भरला हे खरे, पण कापसाच्या भावातून तो किती शेतकऱ्यांनी सोसला असेल? त्यांच्या नावाची पावती कुठेच नव्हती. निषेध नोंदविण्यासाठी आधी पावतीवर नाव लागते.

मुंबईच्या १८८८च्या महानगरपालिका कायद्यानुसार मालमत्ता कराविरुद्ध अपील करावयाचे तर वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे बारडोलीत सरकारने धरलेला हट्ट तेथे कलमाच्या रूपात आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे भरल्यानंतर ऐकणारे कोणी असते.

चिंचपाड्यासारख्या गावात घरपट्टीची पावती घेताना 'हे मला मान्य नाही' असा शब्द आदिवासी गृहस्थाने लिहून ठेवायचा, तर त्याला तीन गोष्टी लागतील: त्याच्या नावाची पावती, लिहिता येणारी भाषा आणि ऐकणारे दार. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचा इतिहास कायद्याच्या ग्रंथांत सापडतो. दुसरीची जबाबदारी भाषा शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांवर येते. आपण विद्यार्थ्यांना रसग्रहण लिहावयास शिकवितो. तक्रार लिहावयास शिकवितो का?