पहिला घास : उष्टावणाचा दीर्घ इतिहास

१/ गेल्या महिन्यात भाचीचे उष्टावण झाले. मामा या नात्याने चांदीच्या वाटीतील खिरीचा पहिला घास मी भरवला. तिने तो जिभेने बाहेर ढकलला आणि सारे घर हसले. त्याआधी मात्र दोन महिने घरात वाद चालला होता. आजीचे म्हणणे असे की चौथा महिना लागला की पेज सुरू करावी; तिने आपल्या चारही मुलांना तशीच दिली. ताईच्या डॉक्टरांनी सहा महिने पुरे होईपर्यंत वरचे पाणीसुद्धा देऊ नका असे बजावले होते. चार की सहा, हा आकडा मुळात ठरवला कोणी? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते या धाग्यात मांडतो आहे.

२/ प्रथम शब्दाकडे पाहू. ‘उष्टे’ हा शब्द संस्कृत ‘उच्छिष्ट’वरून आला. एरवी ज्या शब्दाला विटाळाची छटा आहे, तोच येथे मंगल झाला आहे. बाळाने अन्न प्रथमच उष्टे केले, म्हणजे ते जेवणाऱ्या माणसांच्या पंगतीत आले. संस्कारांच्या यादीत याचेच नाव अन्नप्राशन.

३/ गृह्यसूत्रांत अन्नप्राशनाचा काळ सहावा महिना असा दिला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातील तपशील आजच्या वाचकाला चकित करतील. बाळाला अन्नसमृद्धी लाभावी अशी इच्छा असेल तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे असेल तर तित्तिर पक्ष्याचे मांस, तेज हवे असेल तर तूपभात असे पर्याय तेथे आहेत. दही, मध आणि तूप कालवलेले अन्नही सांगितले आहे. आपल्या घरांतील खीर ही या लांब यादीची अगदी अलीकडची वारसदार.

४/ वैद्यकाचे ग्रंथ अधिक सावध आहेत. सुश्रुतसंहिता सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगते. काश्यपसंहिता मात्र दोन पायऱ्या करते : सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्यात अन्न. बालरोगांचा हा महत्त्वाचा ग्रंथ नेपाळमध्ये मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ साली छापला गेला. म्हणजे ‘आपली परंपरा’ या विषयावर एकमुखाने बोलत नव्हती. तिच्यातही मतभेद होते, आणि ते अभ्यासू माणसांचे मतभेद होते.

५/ वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर दूध तोडण्याची रीतही आहे. दात आले की बाळाला स्तनापासून हळूहळू, क्रमाक्रमाने दूर करावे. अंगावरचे सुटलेल्या बाळासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे आजचे वैद्यक निक्षून सांगते. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तो १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. जुना ग्रंथ अभ्यासावा, पण त्यातून थेट पाककृती उचलू नये.

६/ ग्रंथ ‘काय करावे’ ते सांगतात. लोक प्रत्यक्षात काय करत होते, हे कळण्यासाठी हाडे आणि भांडी तपासावी लागतात. जर्मनीतील बव्हेरियात कांस्य व लोहयुगातील लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली छोटी मातीची भांडी सापडली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांपैकी तीन भांड्यांतील अवशेष तपासले गेले आणि त्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाच्या खुणा आढळल्या. वरचे दूध पाजण्याची प्रथा किती जुनी आहे, याचा हा हाती धरता येण्याजोगा पुरावा.

७/ हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरूनही बरेच उमगते. अंगावर पिणारे मूल एका अर्थी आईच्या शरीरावर पोसले जात असते. त्यामुळे त्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण आईपेक्षा वाढते आणि वरचे अन्न सुरू झाले की ते उतरू लागते. वेगवेगळ्या वयांत दगावलेल्या मुलांची हाडे तुलनेने पाहिली, तर त्या समाजात दूध साधारण केव्हा तुटत असे याचा अंदाज बांधता येतो.

८/ आता महाराष्ट्रात येऊ. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत, आणि तीही घराच्या जमिनीखाली. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. दाताचे लुकण घडत असताना शरीरावर ताण आला तर तेथे खोलगट व्रण राहतो. वसाहतीच्या उत्तरकाळात, शेती खालावत गेली त्या सुमारास, अशा खुणा वाढलेल्या दिसतात. पाऊस, शेत आणि बाळाचे शरीर यांच्यातील नाते त्या इवल्या दातांवर कोरलेले आहे.

९/ दातांचा विषय निघालाच आहे, तर एका जुन्या गैरसमजाकडेही वळू. ‘दात येताना जुलाब होतात’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येते. लंडनच्या जुन्या मृत्यूनोंदींत तर ‘दात’ हे मृत्यूचे कारण म्हणून लिहिले जाई, आणि बाळाच्या हिरड्या चिरण्याचा उपचार युरोपात दीर्घकाळ चालला. दात येण्याचे वय आणि वरचे अन्न सुरू होण्याचे वय एकच. आळ दातांवर आला. खरा अपराधी बहुधा वाटीतले पाणी, शिळी पेज आणि नीट न धुतलेले भांडे हा होता.

१०/ म्हणूनच उष्टावणानंतरचे वर्ष बाळाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक वर्षांपैकी एक आहे. फार लवकर सुरुवात केली तर दूषित अन्नपाण्याचा धोका. फार उशीर केला तर केवळ दुधावर वाढ खुंटण्याचा धोका, कारण सहा महिन्यांनंतर एकट्या आईच्या दुधातून पुरेसे लोह आणि ऊर्जा मिळत नाही. या दोन धोक्यांमधील चिंचोळी वाट प्रत्येक समाजाने आपापल्या धान्यानिशी शोधली.

११/ आपल्याकडील वाट म्हणजे पेज, मुगाच्या वरणाचे पाणी, मऊ गुरगुट्या भात, त्यावर तूप, आणि नाचणीचे सत्त्व. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. या खटाटोपामागे एक सुरेख रसायन आहे. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारे विकर तयार होते. साध्या पिठाची लापशी थोड्या पिठातच घट्ट होते. मग ती पातळ करण्यासाठी पाणी वाढवावे लागते आणि बाळाचे पोट पाण्यानेच भरते. मोडाच्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही सैल राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीतून अधिक अन्न पोटात जाते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर संशोधन केले.

१२/ केवळ पिठाळ अन्नावर दूध तोडले तर काय होते, हे सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी दाखवले. गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घानामध्ये त्यांनी सुजलेली, केस विटलेली मुले पाहिली. ही मुले प्रामुख्याने मक्याच्या पेजेवर होती. १९३३ साली त्यांनी या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ साली त्याला स्थानिक गा भाषेतील नाव दिले : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड जन्मल्यावर आईच्या दुधावरून उठवलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. त्या मातांना कारण ठाऊक होते. विल्यम्स यांचे मोठेपण हे की त्यांनी मातांना विचारले.

१३/ त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा काहीसा फुगलेला आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर जात. जन्म गावी होई आणि मृत्यू शहरात नोंदला जाई. तरीही एका खोलीच्या चाळींतील स्थिती भयावह होती, याबद्दल समकालीन नोंदींत दुमत नाही.

१४/ १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी अहवाल दिला. त्यातील एक आकडा वाचून मी वाचनालयात बराच वेळ तसाच बसून राहिलो : या स्त्रियांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. तिला बाळागोळी म्हणत. आई दहा-दहा तास साच्यावर उभी. खोलीत बाळाजवळ कोणी नाही, किंवा असलीच तर एखादी म्हातारी. गोळी दिली की बाळ झोपे. अफूने भूकही मरते. त्यामुळे ते ना दूध मागे, ना पेज.

१५/ त्या आयांना अडाणी म्हणणे सोपे होते, आणि अनेकांनी तसे म्हटलेही. पण चौथ्या, सहाव्या की दहाव्या महिन्यात अन्न द्यावे, ही चर्चा करण्याची मुभा ज्या घरांत होती, त्यांत त्यांचे घर नव्हते. मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्याच्या बाजूने भाषण केले आणि आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. बाळाच्या आहाराच्या इतिहासात या दोन कायद्यांना मी कोणत्याही पाककृतीइतकेच वरचे स्थान देईन.

१६/ आता डबाबंद अन्नाकडे. १८६७ साली स्वित्झर्लंडमधील वेवे येथे हेन्री नेस्ले या जर्मन वंशाच्या औषधविक्रेत्याने दूध, गव्हाचे भाजलेले पीठ आणि साखर यांपासून शिशुआहार तयार केला. १९२८ साली अमेरिकेतील फ्रीमाँट गावात गर्बर कंपनीने गाळलेल्या भाज्या डब्यांत भरून विकायला सुरुवात केली. बाळासाठी भाजी शिजवून चाळणीतून घोटण्याचे आईचे काम कारखान्याने उचलले. त्याबरोबर जाहिराती आल्या आणि पहिल्या घासाचे वय झपाट्याने खाली घसरले. १९५०च्या दशकापर्यंत अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांच्या बाळालाही घट्ट अन्न देण्याची रीत पडली होती.

१७/ भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनवण्याची प्रक्रिया विकसित केली आणि अमूलने ती बाजारात आणली. परदेशी डब्यांवरील अवलंबित्व कमी करणारी ही मोठी कामगिरी होती. पण डबा स्वदेशी असो वा विदेशी, तो कालवायला लागणारे पाणी मात्र आपापल्या नळाचे वा विहिरीचेच होते. डबा पुरवून वापरायचा म्हणून पावडर कमी घालणारी घरेही होती.

१८/ १९७० च्या दशकात गरीब देशांतील शिशुआहाराच्या विक्रीवर जगभर टीका सुरू झाली. १९७७ साली नेस्लेवर बहिष्कार पुकारला गेला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने विक्रीविषयक आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली शिशुदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या विक्री-जाहिरातीवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला.

१९/ आणि येथेच आमच्या घरातील वादाचे उत्तर दडलेले आहे. १९९२च्या कायद्यात शिशुआहाराच्या व्याख्येत ‘चार महिन्यांनंतर’ असे होते. त्या काळी आंतरराष्ट्रीय सल्लाही चार ते सहा महिने असाच होता. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिने केवळ आईचे दूध, ही शिफारस स्वीकारली. २००३ साली आपला कायदा दुरुस्त होऊन चाराचे सहा झाले. म्हणजे आजीचा ‘चौथा महिना’ तिच्या काळातील वैद्यकाच्या विरोधात नव्हता. तिला त्या वेळच्या डॉक्टरांनी तेच सांगितले असणे पूर्ण शक्य आहे.

२०/ ‘पाहा, आमच्या ऋषींना सहावा महिना आधीच ठाऊक होता’ असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. तो मी टाळतो. गृह्यसूत्रातील सहावा महिना हा संस्काराचा मुहूर्त आहे. २००१चा सहावा महिना आजारपण आणि वाढ यांच्या मोजमापातून आला. आकडा जुळतो म्हणून कारणेही जुळतात असे नाही. शिवाय चांदीची वाटी किती घरांत होती, हाही प्रश्न उरतोच.

२१/ वर्तमानाची स्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) ६ ते २३ महिन्यांच्या भारतीय बाळांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. दुसरीकडे, बदल घडू शकतो याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. दोन वर्षांखालील खुरट्या मुलांचे राज्यातील प्रमाण २००५–०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२च्या पाहणीत ते सुमारे २३ टक्के आढळले. श्रेय एकट्या मिशनचे नसेल, पण सात वर्षांत एवढी घट ही लहान गोष्ट नव्हे.

२२/ हा सारा प्रवास पाहिल्यावर मला असे वाटते की पहिल्या घासाचा इतिहास तीन गोष्टींवर उभा आहे : आईच्या हाती असलेला वेळ, घरातील पाणी आणि कोठीतील धान्य. इनामगावात धान्य हटले, गिरणगावात वेळ हिरावला गेला, डब्यांच्या युगात पाण्याने घात केला. ताईला सहा महिने पाळता आले, कारण तिला पगारी रजा होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना ती कधीच मिळाली नाही. आपल्या धाकट्याला तिसऱ्या महिन्यातच पेज दिली, हे त्यांनी उष्टावणाच्या दिवशी भांडी आवरता आवरता सांगितले.

२३/ आजीला हा सगळा वृत्तान्त ऐकवला. चार महिन्यांचा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही, तो त्या काळचा होता, हे ऐकून ती खूश झाली; आणि लगेच नाचणी भिजत घालायला उठली.

तुमच्या घरी पहिला घास कशाचा होता, कितव्या महिन्यात आणि कोणी भरवला? घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून गाव व साधारण दशक यांसह खाली अवश्य लिहा. पुराभिलेखागारात या नोंदी नाहीत. त्या त्यांच्या आठवणीतच आहेत.

(धागा समाप्त)